ही रॅम जीबीमध्ये मोजत नाहीत: किल्ल्याच्या दरवाजापासून फोनच्या लॉकपर्यंत

रॅम म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सहा जीबी, आठ जीबी, गेम चालेल का, फोन हँग होईल का. पण याच नावाची आणखी एक वस्तू आहे आणि ती आपल्या फोनच्या रॅमपेक्षा अडीच हजार वर्षांहून जास्त जुनी आहे. तिचं नाव बॅटरिंग रॅम.

इंग्रजीत रॅम म्हणजे एडका, नर मेंढा. दोन एडके भिडताना बघितलेत कधी? आधी चार पावलं मागे जातात, डोकं खाली घालतात आणि धाडकन एकमेकांवर आदळतात. मग पुन्हा मागे, पुन्हा धडक. हे यंत्र नेमकं तेच करतं. रोमन लोक त्याला 'एरीज' म्हणायचे. राशिभविष्यातली एरीज, म्हणजे आपली मेष, तीच ही. क्लॅश रोयाल खेळणाऱ्यांना 'बॅटल रॅम'चं कार्ड माहीत असेल. दोन बार्बेरियन खांद्यावर ओंडका घेऊन पळत सुटतात, ती याचीच सोपी आवृत्ती.

तर मित्रांनो, आज आपण बघूया की हा ओंडका चालतो कसा, त्याला थांबवायला लोकांनी काय काय डोकं लावलं, आजच्या काळात तो कुठे दिसतो आणि तुमच्या खिशातल्या फोनशी त्याचा काय संबंध आहे. संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे.

ओंडक्यामागचं गणित

अकरावीचं फिजिक्स थोडं आठवा. दहा मीटर लांब आणि साधारण ४० सेंटिमीटर जाड ओंडका घेतला आणि पुढे लोखंडी डोकं बसवलं, तर वजन एक टनाच्या आसपास जातं. एवढं वजन खांद्यावर घेऊन पळणं अवघड. म्हणून तो दोरांनी एका चौकटीला टांगायचा, झोपाळ्यासारखा. माणसांनी फक्त मागे ओढायचा आणि सोडायचा. दोर पाच मीटरचे असतील तर ओंडका दोन मीटर मागे ओढल्यावर साधारण अर्धा मीटर वर जातो. सोडला की भिंतीपाशी पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला तीन मीटर होतो. म्हणजे आरामात धावणाऱ्या माणसाएवढा. ऐकायला किरकोळ वाटतं ना?

आता गंमत बघा. एक टन वजन सेकंदाला तीन मीटर वेगाने येतंय आणि दगडी भिंत त्याला एका सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवते. संवेग भागिले वेळ केलं की सरासरी बल येतं ३ लाख न्यूटन. सोप्या भाषेत, सुमारे ३० टन वजनाचा दाब, तोही हातभर जागेवर.

दगडी भिंत वरून येणारं वजन पेलायला पक्की असते. वर आणखी चार मजले चढवा, ती दबून बसते. पण आडवा दणका बसला की दगडांमधले सांधे ताणले जातात, आणि ताण सहन करणं हे दगड-चुन्याचं काम नाही. पहिल्या धडकेला भिंतीला काही होत नाही. विसाव्या धडकेला बारीक चीर दिसते. शंभराव्या धडकेला एक दगड हलतो. त्यानंतर प्रत्येक धडक त्या हललेल्या दगडावरच बसते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे फोनपाशी पोहोचल्यावर लागणार आहे. बॅटरिंग रॅमची खरी ताकद एका धडकेत नसते. तीच जागा, तोच जोर, कितीही वेळा. त्यामुळे त्याला थांबवायचं तर भिंत जाड करण्यापेक्षा या तीन गोष्टींपैकी एखादी हिरावून घेणं जास्त उपयोगी पडतं. इतिहासात हुशार लोकांनी तेच केलं.

साखळी, कोंड्याची पोती आणि मऊ भिंत

या यंत्राची सगळ्यात जिवंत चित्रं असिरियन लोकांनी कोरून ठेवली आहेत. असिरिया म्हणजे आजच्या इराकच्या उत्तर भागातलं जुनं साम्राज्य. इ.स.पू. ७०१ मध्ये त्यांचा राजा सेनाखेरीब याने लाखीश नावाच्या शहराला वेढा घातला. हे ठिकाण आजच्या इस्रायलमध्ये आहे. त्या विजयाची दगडी शिल्पं त्याने निनवेच्या राजवाड्यात लावली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटापर्यंत दगडमातीचा उतार रचलाय आणि त्यावरून चाकांची झाकलेली यंत्रं वर चढताहेत. वरून शहरातले लोक पेटते पलिते फेकताहेत. यंत्रात बसलेला एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने आपल्याच यंत्रावर पाणी ओततोय, कारण ओंडका लाकडाचा आणि चौकटही लाकडाची. आगीपुढे दोन्हीचा निभाव लागत नाही.

त्याच्याही आधीच्या, इ.स.पू. नवव्या शतकातल्या एका शिल्पात तटावरच्या लोकांनी वरून साखळी सोडून ओंडक्याचं तोंड अडकवलंय आणि ते वर खेचताहेत. खाली दोन असिरियन सैनिक ती साखळी आकड्यांनी धरून तिला लोंबकळताहेत. म्हणजे जवळपास २९०० वर्षांपूर्वीच हल्ला, त्यावर उपाय आणि उपायावर उपाय, असा खेळ सुरू झाला होता. सॉफ्टवेअर अपडेट आणि हॅकर यांचा आज जो पाठशिवणीचा खेळ चालतो, तो काही नवीन नाही.

आता इ.स. ६७ मध्ये या. त्याच प्रदेशातल्या जोटापाटा गावाला रोमन सैन्याने वेढा घातला होता. गावाच्या बाजूने लढणाऱ्यांचा प्रमुख होता जोसीफस. पुढे त्यानेच या युद्धाचा इतिहास लिहिला, त्यामुळे आपल्याला आतली माहिती मिळते. रोमन ओंडका भिंतीवर आदळायला लागला, तेव्हा त्याने कोंडा भरलेली पोती दोरीने खाली सोडायला सांगितली. ओंडका जिथे येईल तिथे पोतं.

आपलं गणित पुन्हा लावून बघा. पोतं ३० सेंटिमीटर दबत दबत ओंडक्याला थांबवतं, म्हणजे थांबायला ०.०१ सेकंदाऐवजी ०.२ सेकंद लागतात. ओंडका तोच, वेग तोच. पण बल ३ लाख न्यूटनवरून १५ हजारांवर येतं, वीसपट कमी. गाडीतली एअरबॅग आणि तुमच्या फोनचं रबरी कव्हर याच तत्त्वावर चालतं. धक्का टाळता येत नसेल तर त्याला वेळ द्या.

रोमन लोकही गप्प बसणारे नव्हते. त्यांनी लांब काठ्यांना विळे बांधले आणि पोत्यांच्या दोऱ्या कापून टाकल्या.

काही वर्षांनी, इ.स. ७३-७४ च्या सुमारास, मसादाच्या डोंगरी किल्ल्यावर याचा पुढचा अंक झाला. रोमनांनी डोंगराला टेकून मोठा उतार रचला, जो आजही तिथे दिसतो, आणि वर ओंडका नेऊन तटबंदी फोडली. आतल्या लोकांनी घाईघाईने दुसरी भिंत उभी केली होती. लाकडांच्या दोन रांगा आणि मध्ये माती. जोसीफस लिहितो की या भिंतीवर धडका बसल्या की ती पडण्याऐवजी आणखी घट्ट व्हायची, कारण माती ठोकली जाऊन दबत होती. शेवटी रोमनांनी ओंडका बाजूला ठेवला आणि लाकडाला आग लावली.

हत्ती, खिळे आणि वळणाचा रस्ता

भारतात ओंडक्याचं काम बऱ्याचदा हत्तीने केलं. तीन-चार टनांचं जनावर, तेही स्वतःच्या पायांनी चालत येणारं. कर्नाटकच्या युद्धात नोव्हेंबर १७५१ मध्ये अर्काटच्या किल्ल्यावर असा हल्ला झाला. आत रॉबर्ट क्लाइव्ह थोड्याशा शिपायांसह अडकला होता. बाहेरच्या फौजेने हत्तींच्या कपाळाला लोखंडी पत्रे बांधून त्यांना दरवाजावर सोडलं. पण बंदुकीच्या गोळ्या लागताच हत्ती उलटे फिरले आणि त्यांनी आपल्याच माणसांना तुडवलं. क्लाइव्हच्या मदतीला निघालेल्यांत मुरारराव घोरपड्यांचे मराठे होते, हाही या लढाईतला आपल्याशी जोडलेला धागा. ओंडक्याला भीती वाटत नाही, हत्तीला वाटते. हा फरक मोठा आहे.

पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर सेल्फी काढला असेल, तर त्यावरचे लांब टोकदार खिळे तुम्ही बघितलेत. ती नक्षी नाही. हत्तीचं कपाळ जिथे येईल त्या उंचीवर ते ठोकलेत. धडक मारायला आलेल्यालाच धडकेची शिक्षा, असा साधा हिशोब.

याहून हुशार उत्तर शिवरायांच्या किल्ल्यांवर दिसतं. रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बुरूज पुढे येऊन दरवाजाला कुशीत घेतात, रस्ता वळून आत जातो आणि दरवाजा लांबून दिसतच नाही. याला गोमुखी रचना म्हणतात. हत्ती असो की ओंडका, त्याला सरळ पळायला जागा लागते. इथे वळणावर वेग मोडतो आणि वर दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरून मारा होतो. दरवाजा फोडायचा प्रश्न नंतरचा, आधी धावायलाच जागा नाही.

आणि दरवाजाच्या आत आडवं लाकूड घालायचं, तो अडसर. 'कामात अडसर आला' असं आपण सहज म्हणतो, तो शब्द इथून आलाय.

पुढे तोफा सुधारत गेल्या आणि भिंतीजवळ जाऊन धडका मारायची गरज संपली. युद्धातला ओंडका मागे पडला, पण ओंडक्याची कल्पना टिकली.

आजचा ओंडका

आज बॅटरिंग रॅम सगळ्यात जास्त दिसतो तो पोलिसांच्या हातात. ब्रिटनमध्ये पोलीस वापरतात त्याला 'एन्फोर्सर' म्हणतात. साधारण १६ किलोची पोलादी नळी, दोन मुठी, लाल रंग. पोलिसांमध्येच त्याचं गमतीचं नाव आहे 'मोठी लाल चावी'. एक माणूस तो झुलवतो आणि कुलपाजवळ मारतो. १६ किलोत काय होणार, असं वाटेल. पण इथे दगडी तट नसतो. दाराच्या लाकडात किंवा चौकटीत बसलेली कडी एवढाच अडथळा असतो, आणि सगळा दणका तिथेच बसतो.

मात्र दार आत उघडणारं असेल तरच हे जमतं. आपल्याकडे बऱ्याच फ्लॅटना पुढे बाहेर उघडणारं जाळीचं सेफ्टी डोअर असतं. ते चौकटीवर टेकलेलं असल्यामुळे धडका मारून उपयोग नाही, उचकटावंच लागतं. म्हणून अग्निशमन दलाची माणसं बहुतेक ठिकाणी पहारीसारखी हत्यारं जवळ ठेवतात. त्यातला प्रसिद्ध हॅलिगन बार न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात १९४० च्या दशकात तयार झाला.

चोरांनीही ही कल्पना उचलली. गाडी थेट दुकानाच्या काचेत घालून माल पळवायचा, याला परदेशात 'रॅम रेड' म्हणतात. आपल्याकडे २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातला सीसीटीव्हीचा व्हिडिओ व्हायरल झाला होता, आठवतो? जेसीबीचं बकेट दारातून आत घुसतं आणि अख्खं एटीएम उचकटून बाहेर काढतं.

गाडीची धडक ही वेगळ्याच पातळीची गोष्ट आहे. सुरक्षेसाठी लावलेले पोलादी खांब, म्हणजे बोलार्ड, तपासताना जो एक कडक निकष वापरतात त्यात ६८०० किलोचा ट्रक ताशी ८० किलोमीटर वेगाने खांबावर आदळवतात. त्याची ऊर्जा आपल्या टांगलेल्या ओंडक्याच्या जवळपास पावणेचारशे पट भरते. म्हणून नुसत्या खांबांवर विसंबत नाहीत, रस्त्यालाही वळणं देतात. नाकाबंदीत पोलीस बॅरिकेड आडवीतिडवी का लावतात? तुमची गाडी सरळ वेगात जाऊ नये म्हणून. गोमुखी दरवाजा, दुसरं काय.

धडक मारायची परवानगी कोणी द्यायची?

दार फोडणं सोपं होत गेलं तसा एक प्रश्न मोठा होत गेला. कुणाचं दार, कुणी आणि कुणाला विचारून फोडायचं?

रोमन काळी उत्तर कडक होतं. इ.स.पू. ५७ मध्ये ज्युलियस सीझरने गॉलमधल्या अदुआतुकी लोकांना सांगितलं होतं की ओंडका भिंतीला टेकायच्या आत शरण आलात तर वाचाल. त्यानंतर दयामाया नाही. पहिली धडक म्हणजे बोलणी संपली.

आता १९८५ चं लॉस एंजेलिस बघा. ड्रग्ज विकणाऱ्यांनी घरांना लोखंडी दारं आणि गज लावले होते. पोलिसांनी एका चिलखती गाडीला १४ फुटी पोलादी ओंडका बसवला. फेब्रुवारीत तो पहिल्यांदा एका घराच्या भिंतीतून आरपार गेला. आत दोन बायका आणि तीन लहान मुलं होती. ज्यासाठी भिंत पाडली तो ड्रग्जचा साठा काही सापडला नाही. शहरात संताप उसळला. त्याच वर्षी टॉडी टी या रॅपरने 'बॅटररॅम' नावाचं गाणं काढलं आणि ते गल्लोगल्ली वाजलं. प्रकरण कोर्टात गेलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा गाडीवरचा ओंडका वापरायचा तर आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या.

आपल्याकडेही आरोपीला अटक करायला गेलेले पोलीस दार फोडू शकतात. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार आधी आपण कोण, कशासाठी आलोय हे सांगून दार उघडायला सांगावं लागतं. उघडलं नाही आणि आत जायचा दुसरा मार्ग उरला नाही, तर मग फोडायचं. म्हणजे धडकेच्या आधी एक थांबा आहे, आणि तो कायद्याने घातलाय.

तुमच्या खिशातला दरवाजा

वेबसाइटची सुरक्षा तपासायला आम्ही इंजिनिअर लोक बर्प सूट नावाचं टूल वापरतो. त्यात हल्ल्याच्या एका प्रकाराचं नावच 'बॅटरिंग रॅम' आहे. एकच शब्द फॉर्मच्या सगळ्या ठरवलेल्या जागांमध्ये एकाच वेळी टाकून बघायचा आणि मग पुढचा शब्द. डिजिटल जगात ओंडका म्हणजे अंदाज. एक चुकला तर दुसरा, दुसरा चुकला तर दहा हजारावा.

चार अंकी पिनचे पर्याय फक्त १०,०००. आयफोनमध्ये एक पिन तपासायला हार्डवेअरला साधारण ०.०८ सेकंद लागतो. मशीनने न थांबता सगळे पर्याय टाकले तर १३-१४ मिनिटांत काम संपतं. सहा अंकी पिनला साधारण २२ तास. इंग्रजीची छोटी अक्षरं आणि अंक मिसळून सहा जागांचा पासवर्ड केला तर साडेपाच वर्षं.

मग चार अंकी पिनचा फोन १४ मिनिटांत का उघडत नाही? कारण फोन धडका मोजतो. काही चुकांनंतर एक मिनिट थांबा, मग पाच, मग पंधरा, मग तास. आयफोनमध्ये सेटिंग चालू असेल तर दहाव्या चुकीला डेटा साफ. अँड्रॉइडही चुकांनंतर थांबायला लावतो. भिंत तेवढीच आहे, फक्त ओंडका पुन्हा मागे ओढू दिला जात नाही.

हाच थांबा २०१६ मध्ये जगभर गाजला. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो इथे डिसेंबर २०१५ मध्ये १४ लोकांचा जीव घेणाऱ्या हल्लेखोराचा आयफोन एफबीआयकडे होता, पण लॉक होता. अॅपलने असं खास सॉफ्टवेअर बनवावं, जे डेटा पुसणार नाही, चुकांनंतर थांबवणार नाही आणि पिन मशीनने टाकू देईल, असा आदेश कोर्टाने दिला. नीट बघा, चावी मागितलीच नव्हती. मागणी होती की आम्हाला धडका मारू द्या, मोजू नका. अॅपलने नकार दिला. एका फोनसाठी असं सॉफ्टवेअर बनलं की ते उद्या कुणाच्याही फोनवर चालवता येईल, हे त्यांचं म्हणणं. १४ कुटुंबांना उत्तरं हवी आहेत, हे सरकारचं म्हणणं. दोन्ही बाजूंत वजन होतं. मार्चमध्ये एफबीआयने बाहेरच्या कुणाच्या तरी मदतीने फोन उघडला आणि खटला मागे घेतला. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो लॉस एंजेलिसच्या त्या भिंतीचाच प्रश्न आहे.

कोर्टात काय ठरेल ते आपल्या हातात नाही. पण स्वतःच्या दरवाजाचं आपण बघू शकतो. आजच तीन कामं करा. पिन चार अंकी असेल तर सहा अंकी करा, जमलं तर अक्षरं मिसळा. १२३४५६, जन्मतारीख, गाडीचा नंबर हे काढून टाका, कारण ओंडका पहिल्यांदा तिथेच आदळतो. आणि ईमेल, बँक, इन्स्टाग्राम या सगळ्यांना एकच पासवर्ड ठेवू नका. एकच अडसर सगळ्या दारांना लावला, तर एक दार पडलं की सगळा वाडा उघडा.